पुरातून वाचलेली एक बिनलेबलची तबकडी, आणि माळ्यांवरच्या बाकीच्या

कृष्णाकाठ (सांगली), शनिवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नाच्या खरेदीसाठी पुण्याला गेले होते. साड्या झाल्यावर तिने मला एका रेकॉर्डच्या दुकानात नेलं. आत विशी-पंचविशीतली पोरं खोक्यांत हात घालून एलपी, म्हणजे प्लास्टिकच्या मोठ्या रेकॉर्ड, चाळत होती. एकेकीची किंमत तीन-साडेतीन हजार. भाचीनेही एक घेतली. घरी प्लेअर नाही. "आत्या, प्लेअर आहेरात मागणार आहे," म्हणाली. मी तिला काही बोलले नाही, पण एसटीत बसल्यापासून सांगली येईपर्यंत डोक्यात एकच चालू होतं. आमच्या गल्लीतून तबकड्यांचं अख्खं पोतं कचऱ्याच्या ट्रकमध्ये गेलं, त्याला अजून फार वर्षं झालेली नाहीत.

सविस्तर सांगते. आमचं घर गावभागात. २००५च्या पुरात पाणी जिथवर आलं होतं तिथे बाबांनी भिंतीवर खिळ्याने रेघ ओढून ठेवली होती, आणि त्या रेघेच्या हातभर वर रेकॉर्डचं कपाट बसवलं होतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. रेघ बुडाली, कपाटही बुडालं. आम्ही माधवनगरला बहिणीकडे होतो. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तेव्हा कपाटाची फळी फुगून चौकटीत घट्ट बसली होती, पहारीने उचकटावी लागली. आत कव्हरांचा लगदा आणि त्यात एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या एलपी. बाबा ऐंशीला टेकलेले. त्यांनी खुर्ची मागितली, दोन बादल्या मागितल्या आणि नळाशी जाऊन बसले. एका बादलीत गाळ सोडवायचा, दुसरीत स्वच्छ पाण्यातून काढायची, मग मलमलच्या फडक्याने खाचांच्या दिशेने गोल गोल पुसायची. वाळवायला मी भांड्यांची स्टीलची जाळी दिली. ताटं ठेवतो त्या खणांत एलपी उभ्या केल्या. आठ दिवस स्वयंपाकघरात ताटं भुईवर आणि गाणी जाळीत.

१४० एलपी होत्या. १३१ आज वाजतात. लेबलंसुद्धा शाबूत, कारण एलपीचं लेबल चिकटवलेलं नसतं, तबकडी दाबतानाच ते तिच्यात बसतं, हे बाबांनी तेव्हा सांगितलं. घरातल्या संगणकाची हार्ड डिस्क मात्र गेली ती गेलीच. मुलाच्या बारशापासूनचे फोटो तिच्यात होते.

लाखेच्या जुन्या तबकड्यांचं, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या ७८च्या, तसं झालं नाही. चार दिवस पाण्यात राहून काहींच्या कडा फुगल्या, बऱ्याच जणींची लेबलं सुटून आली. साठातल्या चाळीस उरल्या. पलीकडच्या घरातल्यांनी तर त्यांचं पोतं उघडूनही बघितलं नाही. बाबांनी सांगायला मला पाठवलं, मी जाईपर्यंत ट्रक गेला होता.

बाबा २०२१ला गेले. मध्यंतरी जुन्या रेकॉर्ड घेणारा एक माणूस घरी आला. सिनेमाच्या एलपी बघून त्याचे डोळे चमकले. ७८च्या गठ्ठ्याला त्याने हातही लावला नाही. "या नकोत ताई, या आता कुठल्याच प्लेअरवर लागत नाहीत." म्हणजे ज्या लाटेबद्दल पेपरात एवढं येतंय ती लाट यांच्यापर्यंत पोचतच नाही का?

आता प्रश्न. या चाळिसांत एक तबकडी आहे, तिचं लेबल पूर्ण गेलंय. खाचा एकाच बाजूला. मागची बाजू सपाट, मधोमध उठावात एक पंखवाली आकृती बसलेली आहे, हातात बोरूसारखं काहीतरी. बाबांच्या आजीच्या हरिपूरच्या घरातून आलेली, एवढंच ठाऊक आहे. बाबांनी ती कधी वाजवली नाही. सुईने खराब होईल म्हणायचे. ही कोणती? आणि खराब न करता ऐकायची कशी?

---

फेरे३३ (विश्रामबाग, सांगली), शनिवार, रात्री ११.२५

ताई, आधी काकांना नमस्कार. भांड्यांच्या जाळीची युक्ती मी उद्यापासून वापरणार.

लाटेबद्दल म्हणाल तर ती खरी आहे. अमेरिकेत २०२२ साली सीडीपेक्षा रेकॉर्ड जास्त विकल्या गेल्या, साधारण ४ कोटी १० लाख रेकॉर्ड आणि ३ कोटी ३० लाख सीडी. असं १९८७नंतर पहिल्यांदा घडलं. ब्रिटनमध्ये महागाई मोजायला ज्या वस्तूंच्या किमती धरतात त्या यादीतून १९९२ला रेकॉर्ड काढून टाकली होती, ती २०२४ला परत घेतली. आपल्याकडे नव्या एलपी बरीच वर्षं परदेशातून छापून यायच्या, आता मुंबईत पुन्हा छपाई सुरू झालीय. धंदा मात्र नाजूक आहे. मूळ खाच ज्या लॅकरच्या चकतीवर कोरतात ती बनवणारे मोठे कारखाने जगात दोनच होते, एक कॅलिफोर्नियात आणि एक जपानात. २०२०च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातला जळाला, तेव्हा जगभरच्या प्रेसवाल्यांची झोप उडाली होती.

मी का घेतो ते सांगतो. फोनवर पैसे भरून गाणी ऐकायचो. नाट्यपदांचा एक जुना संच रोज झोपताना लावायचो. एका सकाळी त्यातली नऊच्या नऊ नावं करडी पडलेली. दाबलं तर काही होत नाही. हक्काचा करार संपला असेल. कुणी विचारलं नाही, कुणी कळवलं नाही. त्याच रविवारी मी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो आणि तोच संच एलपीवर शोधला. मिळाला चौथ्या खेपेला. तो आता माझ्या घरातून कुणी करडा करू शकत नाही.

तुमच्या पंखवालीबद्दल मला काही कळत नाही. पण ७८ प्लेअरवर लागत नाहीत हे त्या माणसाचं अर्धंच खरं आहे. नव्या बहुतेक प्लेअरवर ३३ आणि ४५ एवढेच वेग असतात, हे खरं. तरी वाट आहे. जाणकार बोलू देत, मग सांगतो.

---

जुनीखाच (मिरज), रविवार, सकाळी ६.५०

ताई, तुमचा धागा वाचला आणि चहा तसाच राहिला. ती तबकडी आधी कपाटात उभी करून ठेवा. आडवी नको, तिच्यावर काही नको, आणि कृपा करून स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावून पुसू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एलपीला चालतं म्हणून लोक हिलाही लावतात आणि दोन मिनिटांत खाचा पुसून बसतात.

पंखवाली आकृती म्हणजे ग्रामोफोन कंपनीची, एचएमव्हीच्या कुत्र्याच्या आधीची खूण. देवदूत बसून बोरूने तबकडीवर खाच कोरतोय, असं ते चित्र. एकाच बाजूला खाचा आणि मागे ही खूण, म्हणजे तबकडी ढोबळमानाने १९०२ ते १९०८ या काळातली. भारतातलं पहिलं ध्वनिमुद्रण १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला झालं. फ्रेड गैसबर्ग नावाचा माणूस यंत्रं घेऊन आला होता, त्याने गौहरजानचं गाणं घेतलं. तेव्हा इथे छापखाना नव्हता. मेणावर कोरलेली मूळ तबकडी बोटीने जर्मनीत हॅनोव्हरला जायची, तिथे छापून विकायला परत यायची. मागच्या बाजूला उजेड तिरका धरून बघा, इंग्रजीत हॅनोव्हर असं उमटलेलं सापडेल बहुतेक. कलकत्त्याला सियालदहचा कारखाना १९०८ला सुरू झाला, दोन्ही बाजूंच्या तबकड्याही त्याच सुमाराला रूढ झाल्या.

म्हणजे ताई, तुमच्या घरातली ती बाई (बाईच असेल, त्या काळी जास्त करून कलावंतिणीच मुद्रणाला बसल्या, मोठे बुवा तयार नव्हते) इथे कुठेतरी कर्ण्यात तोंड घालून गायली, तिचा आवाज समुद्र ओलांडून जर्मनीला गेला, परत येऊन हरिपूरला आला आणि शंभराहून जास्त वर्षांनी कृष्णेत बुडून वर आला.

दुसरं. लेबल गेलं तरी काळजी नको. लेबलाच्या जागेच्या आसपास काही आकडे-अक्षरं लाखेतच दाबलेली असतात. टॉर्च अगदी आडवा धरा, हाताने चाचपू नका. ते मुद्रणाचे क्रमांक. मुंबईत १९९०पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही मंडळी हेच काम करतात. क्रमांक मिळाला तर त्यांच्यासारख्यांकडून नाव लागण्याची आशा आहे.

आणि तिसरं, हे सगळ्यांसाठी. पितळी कर्ण्याचे चकचकीत ग्रामोफोन हल्ली हॉटेलांत आणि बंगल्यांच्या दिवाणखान्यांत दिसतात. त्यातले बहुतेक नवे जोडकाम आहेत, शोभेचे. त्यावर एलपी कधीही ठेवू नका. त्यांच्या सुई धरणाऱ्या साउंडबॉक्सचं वजन शंभर ग्रॅमच्या वर. एलपीच्या सुईने दीड-दोन ग्रॅमने टेकायचं असतं. एका फेरीत एलपीची नांगरणी होते.

---

शून्यएक (सातारा), रविवार, दुपारी १२.१०

मी ध्वनिमुद्रणाच्याच कामात आहे म्हणून एक स्पष्ट बोलतो, राग नसावा. रेकॉर्डचा आवाज सीडीपेक्षा चांगला, असं हल्ली सर्रास लिहिलं जातं. ते बरोबर नाही. सीडीवर सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर ९६ डेसिबल मिळतं. उत्तम एलपीवर ६०-७० मिळालं तरी भरून पावलो. शिवाय एलपीची कडेची खाच सुईखालून सेकंदाला अर्धा मीटर धावते आणि मधल्या लेबलाजवळची जेमतेम २१ सेंटिमीटर. म्हणून बाजू संपत येते तसा वरचा स्वर फाटतो. आणि नव्या छापलेल्या एलपींतल्या बहुतेकींचं मूळ डिजिटलच असतं. तीन हजारांची "शुद्ध" एलपी म्हणून घेताना हे माहीत असू द्या.

ताईंच्या तबकडीची गोष्ट वेगळी. त्या आवाजाची दुसरी प्रत कदाचित कुठेच नसेल. ती एकदा नीट डिजिटल करून चार ठिकाणी ठेवा. हार्ड डिस्क पुरात गेली याचा धडा डिजिटल वाईट असा नाही, एकच प्रत ठेवू नये असा आहे.

---

फेरे३३ (विश्रामबाग, सांगली), रविवार, दुपारी १.०५

शून्यएक दादा, आवाजाचं सगळं मान्य. मी आवाज चांगला म्हणून घेतोय असं म्हणालोच नाही. माझ्या हातात राहतं म्हणून घेतो.

---

कोयनेपार (मूळ कराड, सध्या अमेरिका), रविवार, रात्री ८.३०

भाचीच्या आहेरासाठी एक सूचना. परदेशातल्या नातेवाइकांकडून जुना प्लेअर मागवू नका. मी वडिलांसाठी इथून सत्तरच्या दशकातला सुंदर प्लेअर नेला, ११० व्होल्टचा म्हणून ट्रान्सफॉर्मरही नेला. कराडला लावला तर लताबाई पुरुषासारख्या गायला लागल्या. वडिलांचा चेहरा पडला, त्यांना वाटलं रेकॉर्डच खराब झाल्या. कारण नंतर कळलं. तसल्या मोटरचा वेग विजेच्या आवर्तनांवर चालतो. इथे सेकंदाला ६०, तिथे ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, आवर्तनं नाही. ३३ऐवजी जेमतेम २८ फेरे पडत होते. कप्पी बदलून घ्यावी लागली, मिरजेच्याच एका लेथवाल्याने मापाने करून दिली. अडॅप्टरवर चालणाऱ्या नव्या प्लेअरना ही अडचण नाही.

---

अँपवाला (तासगाव), सोमवार, रात्री ९.१५

ताई, तुमचं पोत्याचं वाचून आमच्या आण्णांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग बोलायला लागले ते अकरा वाजले.

आण्णांचा स्पीकरचा धंदा होता. १९६० ते ८५पर्यंत. दोन कर्णे, अहुजाचा अँप्लिफायर, बॅटऱ्या, रेकॉर्ड वाजवायचा एक चेंजर आणि रेकॉर्डची लाकडी पेटी. लग्न असलं की आदल्या दिवशी बैलगाडीतून सामान जायचं. पेटी आण्णा मांडीवर घेऊन बसायचे, गाडीच्या धक्क्याने लाखेची तबकडी तडकते म्हणून. कर्णे गावातल्या सगळ्यात उंच झाडाला बांधायचे, एक गावाकडे तोंड करून आणि एक शेजारच्या गावाकडे. लग्न आमच्याकडं आहे हे शेजारच्या गावाला कळलंच पाहिजे, तेच तर पैसे असायचे.

कुठली रेकॉर्ड कधी, याचं शास्त्र होतं. पहाटे आधी गणपतीचं, मग भूपाळी-अभंग. हळदीला लावणी चालायची पण नवरीकडच्या म्हाताऱ्यांना विचारून. अक्षतांच्या आधी सगळं बंद, भटजींना त्रास व्हायचा. वरातीला सिनेमा. आणि नवरी निघाली की आण्णा एकच ठरलेली रेकॉर्ड लावायचे, ती ऐकून बाया रडायला लागायच्या. एकदा ती रेकॉर्ड तुटली आणि आण्णांनी दुसरी लावली तर नवरीच्या आईने येऊन विचारलं, ती का लावली नाही, आमची पोर काय कमी हाय का.

सुई उडी मारायला लागली की आण्णा तिच्या डोक्यावर पाच पैशाचं नाणं ठेवायचे. त्याने उडी थांबायची पण खाच खाऊन जायची. म्हणून आमच्याकडच्या सगळ्या रेकॉर्ड करड्या पडल्यात, काळ्या राहिल्याच नाहीत. फेरे३३ दादांची गाणी कंपनीनं करडी केली, आमची आम्हीच वाजवून वाजवून केली. विकायला गेलं तर याला काय किंमत येणार? पण आण्णा म्हणतात, ज्या रेकॉर्डवर नाण्याची जखम आहे तीच गावाला आवडलेली होती.

पेटी माळ्यावर आहे. आज उतरवली. वरच्या थरात ४५च्या, खाली ७८च्या तीसेक. त्यात तमाशातले वग आहेत, दोन-तीन तबकड्यांवर तुकड्यातुकड्यांनी भरलेले, आणि एक कीर्तन आहे. हे कुठं मोबाईलवर मिळतंय का बघितलं, नाही मिळालं. आता पेटी परत माळ्यावर जाणार नाही, एवढं मात्र ठरलं.

---

जुनीखाच (मिरज), सोमवार, रात्री ९.५०

अँपवाला, आण्णांना माझा दंडवत सांगा. तुमच्या त्या वगांच्या तबकड्या म्हणजे घबाड आहे. कृपया एकेकीला वेगळ्या कागदी पाकिटात घाला. प्लास्टिकची जाड पिशवी नको, आपल्या पावसाळ्यात आत ओल धरून बुरशी येते.

तुमचं वाचून मनात आलं ते लिहितो. आपला भाग म्हणजे गाण्याचं कोठार. बालगंधर्वांचा जन्म इथला, नागठाण्याचा, १८८८चा. आशाताई सांगलीत जन्मल्या. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले आणि १९३७ला गेले तेव्हा इथेच दर्ग्यात त्यांना माती मिळाली. दर वर्षी तिथे गवई येऊन हजेरी लावतात. या लोकांचं ऐन उमेदीतलं गाणं कुठे आहे? एलपी आली १९४८ला, तीही अमेरिकेत. त्याआधीचं सगळं ७८वर आहे. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. नाटकात जे पद वन्समोअर घेत घेत अर्धा तास चालायचं ते तीन मिनिटांत बसवायचं. कुठली जागा ठेवायची आणि कुठली सोडायची, हे त्या गवयांनी स्वतः ठरवलेलं आहे. खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐका, तीन मिनिटांत कुठे घाई नाही. मी चाळीस वर्षं तंबोऱ्यांना जवारी लावतोय. हात बसत नसला की ती तबकडी लावतो, त्यातला तंबोरा ऐकतो आणि मग परत कामाला बसतो.

म्हणून मला या नव्या लाटेचा आनंद आहे आणि काळजीही आहे. एलपीला भाव आला, त्यामुळे एलपी आता भंगारात जात नाहीत. ७८ला भाव नाही. वर नव्या प्लेअरवर लागत नाहीत म्हटल्यावर घरातली माणसं गठ्ठा उचलून देतात. लाखेच्या भंगाराला आता कुणी विचारत नाही, भंगारवाला तो गठ्ठा फेकूनच देतो. माझ्या डोळ्यांसमोर असे तीन गठ्ठे गेले. एक मी रिक्षा करून मागे जाऊन आणला.

---

फेरे३३ (विश्रामबाग, सांगली), मंगळवार, रात्री १०.०५

आता वाट सांगतो. प्लेअरवर ७८चा वेग नसला तरी चालतं. सुई मात्र बदलावी लागते. एलपीची सुई ७८च्या रुंद खाचेत तळाला जाऊन बसते आणि तिथला कचराच वाजवते. ७८साठी तीन मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) टोकाची जाड सुई वेगळी मिळते, बऱ्याच कार्ट्रिजना, म्हणजे सुई धरणाऱ्या डबीला, नुसती सुई काढून दुसरी बसवता येते. मग तबकडी ३३वर सावकाश फिरवायची, संगणकात मुद्रण करून घ्यायचं आणि ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग २.३४ पट करायचा. ४५वर घेतलं तर १.७३३ पट. सावकाश फिरवल्याने फुगलेल्या कडेवर सुई उडत नाही, हा फायदाच. दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो केलं की खरखर बरीच खाली बसते.

सुई मागवली आहे. ताई, चालणार असेल तर रविवारी माझा प्लेअर आणि लॅपटॉप घेऊन येतो. तबकडी तुमच्या घराबाहेर नको.

---

शून्यएक (सातारा), बुधवार, सकाळी ७.४०

एक भर. कर्ण्यात गायलेल्या मुद्रणाला फोनोची नेहमीची दुरुस्ती लागू नाही. एलपी कोरताना खर्ज कमी आणि तार जास्त ठेवतात, वाजवताना प्रीअँप ते उलटं करतो. तो नियम १९५४च्या सुमाराचा. १९०५च्या तबकडीला तो लावला तर खर्ज फुगेल. मुद्रण आहे तसं माझ्याकडे पाठवा, मी सरळ करून देतो. पैशांचा विषय काढू नका. खरखर पूर्ण काढायचा मोह टाळा, तिच्याबरोबर आवाजाची धारही जाते. मूळ फाइल न बदलता वेगळी ठेवा.

---

कृष्णाकाठ (सांगली), सोमवार, रात्री ९.३०

काल सगळं झालं. लिहायला आज बसतेय, काल सुचत नव्हतं.

आधी टॉर्च लावून बघितलं. जुनीखाच म्हणाले तसंच. मागच्या बाजूला पंखवालीच्या खाली हॅनोव्हर. समोर लेबलाच्या जागेजवळ आकडे आहेत, शेवटी एक अक्षर आहे. फोटो त्यांना पाठवलाय.

फेरे३३ अकरा वाजता आले. मुलगा अगदी माझ्या भाचीच्या वयाचा. त्याने सुई बदलली, तबकडीवर ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून पिळलेलं मऊ फडकं फिरवलं, लगेच कोरड्या फडक्याने टिपून घेतलं आणि पंधरा मिनिटं उभी ठेवली. मग सुई टेकवली. ३३वर आधी नुसता तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज, आणि त्यातून कुणीतरी खोल विहिरीत कण्हतंय असं काहीतरी. मला वाटलं गेली, पुरात गेली. सात-साडेसात मिनिटं तसंच चाललं. मग त्याने लॅपटॉपवर काहीतरी केलं आणि म्हणाला, "ऐका आता."

पेटी. तबला अगदी लांबून, शेजारच्या घरात वाजतोय असा. आणि बाई. उंच, जरा नाकातला, पण स्वच्छ आवाज, आणि ताना अशा की घेते म्हणून कळूच नये. मराठी पद आहे. "सख्या" आणि "यमुना" एवढे शब्द लागले. माझी आई जपमाळ घेऊन बसली होती. तिने माळ थांबवली आणि म्हणाली, हे कुणीतरी आपल्यातलंच गातंय.

पद संपल्यावर पेटी थांबते. क्षणभर नुसती खरखर. मग गाण्याच्या नाही, बोलण्याच्या आवाजात ती बाई काहीतरी सांगते. जोरात, एखाद्याला पलीकडच्या काठावरून हाक मारावी तसं. नेमकी तिथेच तबकडीला बारीक चीर आहे. "मी", मग टक, "...बाई", मग टक, आणि शेवटी "...कर". आम्ही वीस वेळा ऐकलं. मधलं येत नाही.

---

जुनीखाच (मिरज), सोमवार, रात्री १०.१५

ताई, त्या काळी बरेच जण असं नाव सांगायचे. हॅनोव्हरच्या कारागिरांना कोण गातंय ते कळायला हवं, लेबल बरोबर लागायला हवं, म्हणून. गौहरजानही सांगते. लेबल गेलं तरी नाव खाचेत राहतं ते यामुळेच.

फेरे३३ने पाठवलेलं मुद्रण मी पेटी घेऊन ऐकलं. ७८ धरलं तर ती काळी पाचला गाते. पण त्या काळातल्या सगळ्या तबकड्या ७८च्या नसत, सत्तरच्या आसपासच्याही असत. साडेएकोणसत्तर धरलं तर बरोबर काळी चार, म्हणजे त्याखालची पट्टी, लागते, आवाज भरतो आणि नाकातलेपणा जातो. मला तेच खरं वाटतं. वेग बरोबर लागला तर चिरेच्या अलीकडचं-पलीकडचं अक्षरही कदाचित उमगेल. रविवारी पेटी घेऊन येऊ का?

---

अँपवाला (तासगाव), सोमवार, रात्री १०.३०

आण्णा म्हणतात मला पण न्या. वगाच्या तबकड्या घेऊन येतो, पेटी मांडीवर घेऊन येणार आहेत ते.

---

कृष्णाकाठ (सांगली), सोमवार, रात्री १०.४५

या सगळे. मारुती चौकाकडून आलात की गाडी तिथेच लावा, गल्लीत वळत नाही. आण्णांना जिना जरा हळू चढवा, पायऱ्या उंच आहेत आणि कठडा एकाच बाजूला आहे. कपाट आता आम्ही वरच्या मजल्यावर नेलंय.